पेठेतून पेठेत

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागून राजगुरुनगर मागे टाकलं की मंचरच्या अलीकडे पेठ हे गाव येतं. तालुका आंबेगाव. हा सातगाव पठाराचा भाग. पावसाच्या पाण्यावर इथे बटाटा होतो आणि पठाराची सारी ओळख त्या बटाट्याची. भल्या पहाटे थांब्यावर उभे राहा. शेतमालाचे टेम्पो बाजाराच्या दिशेने निघालेले दिसतील आणि त्याच रस्त्याच्या कडेला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि हातात डबा, अशी पंचविशीच्या आतली पोरं दिसतील. त्यांना पहिल्या पाळीला चाकण गाठायचं असतं. काही जण रोज जातात-येतात. चाकणच्या चौकांतल्या कोंडीला कंटाळलेल्या काहींनी मात्र भोसरीत, मोशीत, चिखलीत ‘खोली केली’ आहे. ते गुरुवारच्या सुट्टीला तेवढे गावी दिसतात.

‘खोली केली’ हा आमच्याकडचा शब्दप्रयोग मला फार बोलका वाटतो. घर घेतलं, फ्लॅट घेतला असं कोणी सुरुवातीला म्हणत नाही, कारण शहरात पाय ठेवताना गरज असते ती खोलीची. पाठ टेकायला जागा, नळाला पाणी, दाराला कडी आणि कंपनीपासून बेताचं अंतर. शहरात सर्वांना परवडणारं घर कसं मिळेल, या विषयावर आपण बोलू लागतो तेव्हा बोलणं थेट फ्लॅटवर, सोडतीवर आणि अनुदानावर जातं. खोली मधल्या मध्ये गळून पडते. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत आपली सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली आहे.

आधी ‘पेठ’ या शब्दाविषयी थोडं. पेठ म्हणजे नुसता बाजार नाही, ती वस्ती वसवण्याची एक रीत होती. पुण्याच्या पेठा आपोआप उगवल्या नाहीत. सरकारातून कोणाकडे तरी पेठ वसवण्याचं काम सोपवलं जाई. वसायला येणाऱ्या उदमी-कारागिरांना कौल मिळे, म्हणजे काही वर्षं करांत सूट मिळे. रास्ता पेठ रास्त्यांच्या नावाची, नाना पेठ नाना फडणविसांनी १७९१ मध्ये वसवलेली. शहराला माणसं हवी आहेत तर त्यांना जागा आणि उसंत दिली पाहिजे, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना कळत होतं. त्या पेठांतही कोण कुठे राहणार हे जात पाहूनच ठरे, हेही विसरता येत नाही. आजही खोली दाखवण्याआधी आडनाव विचारलं जातं, एकट्या बाईला नकार मिळतो. घर सर्वांना मिळायचं असेल तर नुसता पैशांचा हिशोब पुरत नाही.

हाच शब्द पुढे पिंपरी-चिंचवडमध्ये नव्यानं आला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झालं आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळावर कारखान्यांची रांग लागली. कारखाने आले, आता कामगार राहणार कुठे? उत्तर म्हणून १४ मार्च १९७२ रोजी पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. शेतकऱ्यांच्या जमिनी घ्यायच्या, आखीव रस्ते, बागा, शाळा यांच्यासह नवनगर उभारायचं आणि औद्योगिक कामगाराला परवडेल असं घर द्यायचं, हा त्याचा हेतू. नवनगराचे भाग पाडले, त्यांना नाव दिलं ‘पेठ क्रमांक अमुक’. पेठ गावचा मुलगा अशा रीतीनं पेठेतून निघून दुसऱ्या पेठेच्या दाराशी येऊन उभा राहिला.

निगडी प्राधिकरणात आज फेरफटका मारला तर रुंद रस्ते आणि सावली पाहून मन प्रसन्न होतं. आखणी खरोखर चांगली झाली. पण ज्या कामगारासाठी ती झाली तो तिथे थोडाच राहिला. संपादनाचे निवाडे आणि मोबदल्याचे वाद वर्षानुवर्षं चालले. भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं जाऊ लागले. पुढे त्यांचे लिलाव झाले आणि लिलावात जागा जास्त बोलीवाल्याची होते, गरजवंताची नाही. तिकडे शहर वाढतच होतं. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात होती, २०११ मध्ये सव्वासतरा लाखांच्या वर गेली. दहा वर्षांत सात लाख माणसं वाढली. ती सगळी कुठे तरी राहिलीच ना!

ती राहिली गुंठ्यावर. संपादनाच्या छायेत अडकलेल्या, मोबदला न मिळालेल्या शेतकऱ्यानं गुंठा-अर्धा गुंठा विकला. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. घेणारा कंपनीतला फिटर, ड्रायव्हर, भाजीवाला. सात-बारावर नाव लागत नाही म्हणून व्यवहार साठेखतावर, कुलमुखत्यारपत्रावर किंवा नुसत्या नोटरीवर. वाल्हेकरवाडी, चिंचवडेनगर, थेरगाव, रहाटणी, काळेवाडी असे भागच्या भाग या रीतीनं भरले. खाली आपण राहायचं, वर दोन खोल्या काढून भाड्यानं द्यायच्या, त्या भाड्यावर कर्ज फेडायचं. कायद्याच्या भाषेत ही बांधकामं अनधिकृत. पण मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतो. जे काम प्राधिकरणाच्या कागदावर होतं ते या माणसांनी विटा रचून केलं. शहरातल्या लाखो कामगारांना परवडणारी भाड्याची खोली दिली ती याच घरांनी.

त्याची किंमतही त्यांनीच मोजली. २००८ पासून अशा घरांवर मिळकतकराच्या दुप्पट शास्तीकर बसला. थकबाकी मूळ करापेक्षा फुगत गेली. त्याविरुद्ध कितीतरी मोर्चे निघाले, निवडणुका लढवल्या गेल्या आणि २०२३ मध्ये तो माफ झाला. गुंठेवारीची घरं नियमित करण्यासाठी २००१ चा कायदा आहे, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली. तरी सगळ्या चुका कागदानं सुधारत नाहीत. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशानुसार १७ मे २०२५ रोजी पाडले गेले. आयुष्याची कमाई त्यात घातलेल्या कुटुंबांनी ती डोळ्यांदेखत जमीनदोस्त होताना पाहिली. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या बांधकामबंदीच्या रेड झोनमध्येही असेच प्लॉट विकले गेले आहेत. स्वस्त गुंठा कधी कधी का स्वस्त असतो, ते नकाशा उघडल्याशिवाय कळत नाही.

आता हिशोब मांडून पाहू. समजा कंत्राटी कामगाराच्या हातात महिन्याला १८,००० रुपये पडतात. पगाराचा तिसरा हिस्सा घरासाठी द्यावा हा सर्वसाधारण दंडक. म्हणजे ६,००० रुपये. साडेआठ टक्के व्याजानं वीस वर्षांसाठी या हप्त्यात कर्ज बसतं जेमतेम ६ लाख ९० हजारांचं. आता समजा बाजारातला छोटा फ्लॅट ३५ लाखांचा आहे आणि ५ लाख त्यानं कसेबसे जमवले. उरलेल्या ३० लाखांचा हप्ता येतो २६ हजारांच्या वर, म्हणजे पूर्ण पगारापेक्षा जास्त. वीस वर्षांत तो फेडतो साडेबासष्ट लाख. आणि हे सगळं बँकेनं कर्ज दिलं तर. दर काही महिन्यांनी ज्याचा कंत्राटदार बदलतो त्याच्या पगारपत्रकावर बँक सहसा विश्वास ठेवत नाही. त्यामुळे परवडणारं घर म्हणून लाखांतली जी किंमत जाहिरातीत असते तिला पगाराशेजारी ठेवल्याशिवाय काही अर्थ नाही.

घर महाग का होतं? वीट, वाळू, सिमेंट, लोखंड मंचरला आणि वाकडला जवळपास एकाच भावाचं. गवंड्याच्या मजुरीत थोडा फरक. खरा फरक जमिनीत आहे. आणि जमिनीचा भाव वाढतो तो रस्ता आला, पाण्याची लाइन आली, कंपनी आली म्हणून. हे सगळं सार्वजनिक पैशातून किंवा हजारोंच्या श्रमातून येतं. भाव वाढवणारे सगळे आणि भाव घेणारा एक, ही गाठ सोडवल्याशिवाय घर स्वस्त होत नाही. ज्या शहरांनी ती सोडवली त्यांनी जमीन वेळेवर हातात घेतली. व्हिएन्नाच्या नगरपालिकेनं १९२३ मध्ये मोठ्या घरांवर चढत्या दरानं कर लावला आणि त्यातून कामगारांसाठी स्वतः घरं बांधली. आज त्या शहराकडे स्वतःची सुमारे २ लाख २० हजार भाड्याची घरं आहेत. सिंगापूरनं १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ काढलं, १९६६ मध्ये भूसंपादनाचा कडक कायदा केला आणि आज तिथले बहुसंख्य रहिवासी मंडळाच्या घरांत राहतात. दोन्ही वाटा वेगळ्या, पण जमिनीचा प्रश्न दोघांनीही आधी हाती घेतला.

पण लांब जायची गरज नाही. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला शहरातली खोली पुण्याच्याही आधी मुंबईनं दाखवली. गिरण्या, गोदी, भाजी आणि कांदा-बटाट्याचा बाजार, डबेवाल्यांचं काम, यांसाठी मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरचे पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईत गेले. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबई सुधार ट्रस्ट १८९८ मध्ये आला. १९२० मध्ये मुंबई विकास विभाग, म्हणजे बीडीडी, सुरू झाला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. त्या एका खोलीत एका गावचे दहा-बारा जण राहत. गावकीची खोली म्हणत तिला. भाडं वर्गणीतून. एक पाळी कामाला गेली की दुसरी तिच्या जागेवर आडवी होई. नवीन पोरगा वळकटी घेऊन आला की नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडून कोणी काही मागत नसे. जेवण गावाकडच्याच एखाद्या बाईच्या खाणावळीत. गोव्याच्या ख्रिस्ती गावांचे मुंबईतले ‘कूड’ याच जातीचे. गावानं शहरात धरलेली ही जागा होती.

मला त्या दाटीचं कौतुक करायचं नाही. त्या हवेत क्षयानं माणसं गेली, कुटुंबं वर्षानुवर्षं ताटातूट सोसत राहिली. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती जी आज हरवली आहे. शहरात पहिल्या दिवशी उतरणाऱ्या माणसाला डिपॉझिट, एजंट आणि अकरा महिन्यांचा करार न लागता डोक्यावर छप्पर मिळत होतं. आज त्याच गरजेला भोसरी-चाकणमध्ये ‘कॉट बेसिस’ म्हणतात. पत्र्याच्या खोलीत ओळीनं खाटा, खाटेचं भाडं वेगळं, पाण्याचं वेगळं. गावकी मात्र त्यात उरलेली नाही.

मुंबईच्या भाड्याच्या घरांचं पुढे काय झालं तेही समजून घ्यायला हवं, कारण तिथून निघालेला धडा आपण अर्धाच शिकलो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या काळात आणि फाळणीच्या लोंढ्यात भाडेकरूला रस्त्यावर येऊ द्यायचं नाही, हा हेतू योग्यच होता. पण तात्पुरता उपाय पन्नास वर्षं राहिला. मालकानं दुरुस्ती सोडली, नवीन भाड्याच्या चाळी बांधणं जवळपास थांबलं. १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी वेगळं मंडळ काढावं लागलं, नवा कायदा १९९९ मध्ये झाला. ‘भाड्याचं घर म्हणजे कटकट’ हा समज तेव्हापासून सरकारच्याही मनात बसला आणि सगळ्या योजना मालकी हक्काच्या झाल्या. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं (एमएमआरडीए) २००८ मध्ये खास भाड्याच्या घरांची योजना आणली होती. त्यातली पनवेलजवळच्या कोनची घरं अखेर २०१६ मध्ये गिरणी कामगारांना विकण्यासाठी सोडतीत निघाली. त्या कामगारांचा हक्क मोठाच होता. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर त्यांच्या गिरण्या गेल्या, गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि त्यांना मुंबईतल्या पहिल्या मोठ्या सोडतीसाठी २०१२ उजाडलं. तेव्हा घरं निघाली ६,९२५ आणि अर्ज होते लाखाच्या वर. बीडीडीच्या रहिवाशांना मात्र त्याच जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळू लागलं आहे. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. जागेवरच घर मिळणं किती मोलाचं, हे मुंबईबाहेर शेलू-वांगणीला जायला सांगितलेल्या गिरणी कामगाराला विचारावं.

आपल्या बाजूला परत येऊ. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत चिखलीच्या पेठ क्रमांक १७ आणि १९ मध्ये १३,२५० घरकुलांची आखणी केली. उभी राहिली ६,७२०. निगडीच्या पेठ क्रमांक २२ मध्ये ११,७६० घरांचा झोपडपट्टी पुनर्वसन प्रकल्प रेड झोनमुळे न्यायालयात अडकला. नकाशा आधी न पाहण्याची चूक फक्त गरीब माणूसच करतो असं नाही. २०१५ मध्ये पंतप्रधान आवास योजना आली. चऱ्होलीत १,४४२, बोऱ्हाडेवाडीत १,२८८ आणि रावेतला ९३४ घरं आखली गेली. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी सुमारे ३० चौरस मीटर चटईक्षेत्र, केंद्राचं दीड लाख आणि राज्याचं एक लाख अनुदान. बोऱ्हाडेवाडी मोशीला, म्हणजे नाशिक रस्त्यालगत. चाकणला जाणाऱ्याला सोयीची जागा, म्हणून हा प्रकल्प मला विशेष आवडतो. त्याशिवाय दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत ४,००० चौरस मीटरहून मोठ्या गृहप्रकल्पात २० टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाला म्हाडाच्या सोडतीतून द्यायची असा नियम आहे. तो महत्त्वाचा, कारण त्यामुळे गरिबाचं घर शहराबाहेर न जाता चांगल्या वस्तीत येतं.

हे सगळं हवंच. पण सोडतीत उतरायलाही राज्यात काही वर्षं राहिल्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, अनामत रक्कम आणि पुढे कर्ज लागतं. काल पेठहून आलेल्या वीस वर्षांच्या मुलासाठी ते नाही. त्याला लागते खोली. आणि खोली रिकामी नाही असंही नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांहून जास्त घरं रिकामी सापडली. भाडेकरू उठणार नाही या भीतीनं मालक कुलूप लावून बसतो आणि कुलपाच्या समोरच्या फुटपाथवर माणूस झोपतो. २०२१ चा आदर्श भाडेकरार कायदा ही भीती कमी करण्यासाठी आहे. तो राज्यानं आपल्या परीनं अमलात आणावा. जोडीला एमआयडीसीनं प्रत्येक औद्योगिक क्षेत्रात कामगारांच्या भाड्याच्या वसतिगृहांसाठी जमीन राखावी. ट्रकना थांबायला जागा राखतो, तशी कामगाराला झोपायला राखावी. भाड्यातून सगळा खर्च निघणार नाही, पण जमीन सरकारी असली तर खोलीचं भाडं सहा हजारांच्या आत बसवता येतं.

आता मुद्दा आपल्या गावांचा. शहर नाशिक रस्त्यानं वर सरकतं आहे. राजगुरुनगर आणि चाकणला नगरपरिषदा झाल्या, मंचरला नगरपंचायत आली. प्लॉटिंगचे फलक पेठच्या घाटापर्यंत दिसतात. जे १९७२ नंतर आकुर्डी-चिखलीत झालं ते इथे होऊ घातलं आहे. फरक इतकाच की आपल्याकडे अजून जमीन मोकळी आहे आणि पुढचं दिसतं आहे. ज्या तालुक्याला नाव देणारं आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तिथे जमीन जाण्याचं दुःख कोणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून सक्तीचं संपादन मी सुचवणार नाही. नगररचना योजना नावाचा एक शहाणा मार्ग १९१५ च्या कायद्यापासून आपल्याकडे आहे. त्यात शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, शाळा, मोकळ्या जागा काढतात आणि उरलेली आखीव जमीन ज्याची त्याला परत मिळते. क्षेत्र कमी होतं पण किंमत वाढते. १९६६ च्या नगररचना कायद्यात अशा योजनेतली सुमारे दहा टक्के जागा दुर्बल घटकांच्या घरांसाठी ठेवण्याची तरतूद आहे. जुन्या कौलाचं हे आजचं रूप समजा. जमीन शेतकऱ्याची राहते आणि येणाऱ्यालाही जागा मिळते.

राजगुरुनगर, चाकण, मंचरच्या विकास आराखड्यांवर हरकती-सूचना घेतल्या जातात तेव्हा बहुतेक अर्ज ‘माझ्या गटावरचं आरक्षण उठवा’ असे असतात. ‘आमच्या गावात भाड्याच्या खोल्यांसाठी दोन एकर राखा’ असा अर्ज मी अजून पाहिलेला नाही. तो आपण करू या. गुंठा घेणाऱ्या आपल्या पोरांना आधी पूररेषा, रेड झोन आणि आराखडा तपासायला ग्रामपंचायतीनं मदत करावी. शहरात गावच्या नावानं एक खोली पुन्हा धरता येईल का, हेही बघावं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे आजच लेखी अर्ज द्या.